चार सिलिंडरच्या वेल्डिंग मशीनची माझ्या पश्चात व्यवस्था

आधी काय घडले ते लिहिते.

१. शुक्रवार, १२ ऑक्टोबर १९५६. मशीन दिवसभर चालून गरम होती, तेव्हा संध्याकाळी मी इंजिनचे जुने तेल काढले. खालचा बूच उघडून परात ठेवली. तेल रात्रभर निथळू द्यायचे आणि सकाळी बूच लावून नवे भरायचे, ही माझी पद्धत.

२. तेल मोजायच्या पट्टीला सुतळीने चिठ्ठी बांधली. मजकूर : ‘तेल नाही. चालू करू नये. कमल.’ तोंडी कोणाला सांगितले नाही. घरातल्या सगळ्यांना वाचता येते, तेव्हा चिठ्ठी पुरेल असे मला वाटले. ही माझी चूक.

३. शनिवार, १३ ऑक्टोबर, खंडेनवमी. पहाटे मी बाजूला बसले. त्यामुळे कारखान्यात जाता आले नाही. आमचा मिस्त्री लोटू सणासाठी खकनारला गेला होता.

४. मशीनपुढे रांगोळी काढण्यासाठी मथुराकाकूंनी परात उचलली. बूच परातीत होता.

५. मशीनवर लाल कापड घातले, वर झेंडूचा हार. चिठ्ठी कापडाखाली गेली. ती एका व्यक्तीने वाचली आणि मोतीलालकाकांना सांगितली. तिला गप्प राहायला सांगण्यात आले.

६. रविवार, १४ ऑक्टोबर, दसरा. मुहूर्तावर काकांचा मुलगा दिगंबर याने हँडल मारून इंजिन सुरू केले.

७. आरती पूर्ण होईपर्यंत ते चालू ठेवले. आमच्या घरची आरती साडेचार मिनिटे चालते. नंतर मी घड्याळ लावून मोजली.

८. इंजिनचा ठोका मला आतल्या खोलीत ऐकू आला. बाहेर घंटा वाजत होती. मी ओरडले. दाराबाहेरून काकू म्हणाल्या, “ओरडू नको गं, आरती चालू हाय.”

९. इंजिन स्वतःहून बंद पडले.

१०. कारण त्याच दिवशी ठरले : बाजूला बसणाऱ्या बाईने आदल्या दिवशी मशीनला हात लावला होता.

एवढे घडले. पुढील मृत्युपत्र त्यावरून आहे.

मी, कमल शालिग्राम महाजन, वय अठ्ठावीस, अविवाहित, राहणार शनवारा, बऱ्हाणपूर, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुसरे मत आहे, पण ते तपासण्याचे साधन त्यांच्याकडे नाही. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. प्रयत्न झाले, ते मोजत नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

मला मरणाची घाई नाही. लहानपणी सांध्यांचा ताप आला, त्यात हृदयाची एक झडप आखडली. जिना चढले की दम लागतो. मुंबईचे डॉक्टर छाती उघडून ती झडप बोटाने मोकळी करणार आहेत. दहांतली आठ माणसे घरी जातात, असे ते म्हणाले. उरलेल्या दोघांचे काय होते हे मी विचारले, तर म्हणाले, “तुम्ही प्रश्न फार विचारता.” लोटूला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे टॅपेटच सेट करनं शे ना, ताई?” मी म्हटले, “हो, झडपच जुळवायची. फक्त इंजिन चालू ठेवून.”

दवाखान्यात २१ सप्टेंबरला हजर व्हायचे आहे. उद्यापासून पितृपंधरवडा लागतो आणि त्यात कोणतेही नवे काम करू नये असे काकांचे म्हणणे आहे, म्हणून कागद आजच लिहिला. डॉक्टरांना पंधरवडा माहीत नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी कागद न करता मेले तर नव्या वारसा कायद्याने सगळे माझ्या वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे मोतीलालकाकांकडे जाईल. वकिलांनी हे मला दोनदा समजावून सांगितले, कारण पहिल्यांदाच समजले यावर त्यांचा विश्वास बसला नाही. काकांचे पुढचे ठरलेले आहे : इंजिन काढून जैनाबादच्या मळ्यात विहिरीवर बसवायचे, केळीला पाणी होईल, आणि जनरेटरचे तांबे भंगारात विकायचे. माझ्या ऑपरेशनची तारीख पक्की होण्याआधी विहिरीवरचा ओटा बांधून तयार होता. घरातले कोणतेही काम इतक्या वेळेवर झालेले मी पाहिलेले नाही.

मशीनचे दोन तुकडे होऊ नयेत, एवढ्यासाठी हा कागद आहे. ती जिच्या हाती द्यायची आहे तिचे नाव पहिल्या कलमात आहे. ती ‘हो’ म्हणेल की नाही हे मला आज माहीत नाही.

कलम एक. वेल्डिंग मशीन : चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर, दोन चाकांचा गाडा, केबल, हँडल, आणि देखभालीच्या सहा वह्या. माझे वडील शालिग्राम महाजन यांनी ती १९४६ साली देवळालीच्या लष्करी लिलावात घेतली. लष्करात ती जीपने ओढत. आमच्याकडे बैल ओढतात. मशीनने आजवर तक्रार केलेली नाही. वडिलांनी रजिस्टर मृत्युपत्राने ती मला दिली, तेव्हा काका वकिलाला म्हणाले होते, “लिहिण्यात चूक झाली असंल, पुन्हा वाचा.” पुन्हा वाचले. चूक नव्हती.

ही मशीन आणि तिचा कारखाना मी सौ. सुनंदा दिगंबर महाजन, म्हणजे माझी चुलतवहिनी, हिला एकटीला देते. चिठ्ठी वाचणारी व्यक्ती तीच.

हे औदार्य नव्हे. दसऱ्यानंतर अकराव्या दिवशी मी इंजिन खोलून बसले होते, तेव्हा ती चहा घेऊन आली. कप ठेवला आणि उभी राहिली.

“वन्स, ती चिठ्ठी मी वाचली होती.”

“केव्हा?”

“कापड घालताना. मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, पूजेत अभद्र बोलू नको.”

“मग?”

“मग मी कापड नीट घातलं.”

अकरा दिवस मी घरभर दोषी होते आणि तिने पोळ्या वाढल्या. हे मी विसरलेले नाही, आणि तिनेही विसरू नये. पण स्वतःहून येऊन कबूल करणारी घरातली ती पहिली. दुसऱ्याची वाट पाहून आता अकरा महिने झाले.

मग तिने विचारले, “तेल नसलं की आत नेमकं काय होतं?”

या मशीनला अकरा वर्षे झाली. घरातल्या कोणीही हा प्रश्न विचारला नव्हता. मी तिच्या हातात जळालेले बेअरिंग दिले. तिने नखाने खरवडून पाहिले, वास घेतला, आणि म्हणाली, “तव्यावर पीठ करपतं तसं.” उपमा बरोबर नाही. बेअरिंगचा धातू वितळतो, करपत नाही. मी दुरुस्त करून सांगितले. तिने ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

इंजिनचा मुख्य दांडा, क्रँक, मुंबईहून घासून आला, बेअरिंग नवी ओतली, फेब्रुवारीत मशीन सुरू झाली. या चार महिन्यांत मळेवाल्यांचे पाइप जोडायला दुसरीकडे गेले, कारण काकांनी शनवाऱ्यापासून तापीच्या घाटापर्यंत सांगितले होते की बाईच्या हाताने मशीन बसली. मशीन पुन्हा उठली ती कोणाच्या हाताने, हे सांगायला त्यांना सवड झाली नाही.

चैत्रापासून देखभालीच्या वहीतले अक्षर सुनंदावहिनीचे आहे. दुपारी जेवणाचा डबा घेऊन येते, अर्धा तास थांबते. दिगंबरदादाची समजूत आहे की मी फार सावकाश जेवते. मेमध्ये एकदा तिने डबा खाली ठेवण्याआधीच म्हटले, “वन्स, ही आज बारीक चरचर करून राहिली.” मला ऐकू येत नव्हते. जनरेटरचे झाकण काढले. एक ब्रश, म्हणजे वीज उचलणारा कोळशाचा तुकडा, झिजून नखाएवढा उरला होता. नागपूरला तंत्रशाळेत आम्हाला हे ओळखायला एक पूर्ण सत्र लागले होते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना तेव्हाही ओळखता आले नाही. ते आज सरकारी नोकरीत आहेत.

लोटूला मशीन का देत नाही, असे कोणी म्हणेल. मी त्यालाच आधी विचारले. तो म्हणाला, “माझे डोळे ठिणगीनं खाल्ले, ताई. मी जोड मारीन दोन वरीस. पन वही कोन लिहीन?” या घरात मला मिळालेले हे एकमेव तांत्रिक उत्तर.

मशीन सुनंदावहिनीची असेल, तिच्या नवऱ्याची किंवा सासऱ्याची नाही. त्यांना ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, विहिरीवर बसवण्याचा किंवा सुरू करण्याचा अधिकार नाही. शेवटचा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे.

कलम दोन. मशीन घेणारीने पुढील गोष्टी पाळाव्यात.

रोज, सुरू करण्याआधी : तेलाची पट्टी, रेडिएटरचे पाणी, पेट्रोलच्या वाटीतला गाळ, केबलचे बोल्ट. देवाचे नाव घ्यायला हरकत नाही. पट्टी पाहून झाल्यावर घ्यावे.

तेल दर पन्नास तासांनी बदलावे. तास म्हणजे वहीतले तास. ‘परवाच तर बदललं’ हे माप नव्हे. जुने तेल काढले की जागेवरच थांबून, बूच लावून, नवे भरावे आणि मगच उठावे. रात्रभर निथळू द्यायची माझी पद्धत मी या कागदाने रद्द करते. चार चमचे जुने तेल आत राहिले तर इंजिन मरत नाही. रिकामे इंजिन आमच्या घरात एक रात्र ठेवणे धोक्याचे आहे.

जिनिंगमध्ये काम असेल तेव्हा रोज संध्याकाळी रेडिएटरच्या जाळीतला कापूस काढावा. इंजिन तापले म्हणून काम थांबते आणि मग माणसे उन्हाला दोष देतात. कापूस समोर दिसत असतो.

रेडिएटरमध्ये पावसाचे किंवा उकळून गाळलेले पाणी घालावे. तापीमाईबद्दल पूर्ण आदर आहे, पण तिच्या पाण्याने आत पांढरा थर बसतो. दरवर्षी ताप्ती जयंतीला काका तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये घालतात आणि दुसऱ्या दिवशी मी ते काढते, हे इथे कबूल करते.

महिन्यातून एकदा ब्रश पाहावेत. ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर बारीक काचकागदाने पुसावा, एमरी कागदाने कधीही नाही. एमरीची पूड फटीत बसून शॉर्ट करते. ग्रीस बेताने द्यावे. जास्त दिले की ते ब्रशवर उडते. मशीनला तूप वाढल्यासारखे ग्रीस वाढणारे लोक पुष्कळ आहेत.

काम संपले की इंजिन पाच मिनिटे जोडकाम न करता चालवून मग बंद करावे. गिऱ्हाईक उभे आहे ही सबब चालणार नाही. गिऱ्हाईक उभेच असते.

काका मला एकदा म्हणाले होते, “मशीनला काय रोज रोज पाहायचं? बैलाला तरी रोज पाहतो का आपन?” पाहता. दोन वेळा पाणी, एक वेळ पेंड, आणि गोठ्यातून निघताना पाठीवर थाप. मी मोजलेले आहे. मशीनसाठी याहून कमी लागते, आणि थाप नको असते.

दरवर्षी खंडेनवमीला पूजा जरूर करावी. मशीन त्या दिवशी बंद असते, पूजेने तिचे काही बिघडत नाही. कापड घालायचे तर पट्टी उघडी ठेवून घालावे.

कलम तीन. लोटू याला माझी सर्व हत्यारे, फक्त देखभालीला लागणारे पाने आणि फटी मोजायच्या पात्या सोडून. त्यातली मोठी हातोडी एकोणीस वर्षे त्याच्याच हातात आहे, तेव्हा हे देणे नाव लिहिण्यापुरतेच. कारखान्यामागची खोली त्याने हयातभर वापरावी. त्याला ‘कधी जाणार’ असे कोणी विचारू नये. हे काकूंसाठी लिहिले आहे.

कलम चार. घरातल्या माझ्या वाट्याच्या दोन खोल्या मथुराकाकूंना. एका खोलीत मी दर महिन्याला चार दिवस बसत असे. तिथून कारखान्यातले सगळे ऐकू येते. काकूंनी तिथे एकदा दार लावून बसून पाहावे, एवढीच अट. चार दिवसांचा आग्रह नाही.

कलम पाच. पोस्टातली बचत. आकडा पासबुकात आहे. इथे लिहून कोणाची करमणूक करत नाही. दवाखान्याचा खर्च भागून जे उरेल ते मशीनच्या सुट्या भागांसाठी सुनंदावहिनीच्या नावे.

कलम सहा. माझी पदविका. ती मी घेतली तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. गेल्या नोव्हेंबरपासून राज्याचे नाव तेच आहे, राजधानी भोपाळ आहे आणि नागपूर परराज्यात आहे. कारखान्याच्या परवान्याचा माझा अर्ज तेव्हापासून फिरतो आहे. एका कचेरीला मी त्यांची राहिलेली नाही, दुसरीला मी अजून हिंदीत नाही. पदविका कोणालाही देत नाही. भिंतीवरच राहू द्यावी. तिच्यामागे ओल आहे.

कलम सात. मोतीलालकाकांना दसऱ्याला जळालेली बेअरिंगे, सर्व जोड, तेलाच्या कागदात बांधून. काका देवभोळे आहेत, तेव्हा ती त्यांनी देवघरात ठेवावीत. पूजेचे फळ इतक्या ठोस स्वरूपात फार थोड्यांच्या हाती येते.

कलम आठ. दिगंबरदादाला माझे मनगटी घड्याळ. त्याच्याबद्दल माझा राग नाही. त्याने हँडल मारले कारण त्याला मारायला सांगितले. आयुष्यात त्याने बहुतेक गोष्टी याच कारणाने केल्या. बायकोने एखादी गोष्ट सांगितली, तर ती त्याने याच कारणाने एकदा करून पाहावी.

कलम नऊ. जळगावचे श्री. नंदकुमार मला पाहायला आले होते. त्यांच्या वडिलांनी मला विचारले, स्वयंपाक येतो का. मग काकांना विचारले, मशीन किती अँपिअरची, पेट्रोल किती खाते, गाड्याचे टायर नवे आहेत का, असे बरेच काही, आणि शेवटी मुलीबरोबर येणार का. मशीनला पंधरा प्रश्न, मला एक. श्री. नंदकुमार मान खाली घालून पोहे खात होते. त्यांना मी काही देत नाही. त्यांनी माझे काही मागितलेही नव्हते.

कलम दहा. माझ्या मागे तेरा दिवस कारखाना बंद ठेवू नये. तीन दिवस पुरे. चौथ्या दिवशी इंजिन दहा मिनिटे चालवावे, नाही तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकते.

हा कागद लिहिण्याच्या कामात मी कोणाची मदत घेतली नाही. कचेरीतले अर्जनवीस भाईदास म्हणाले, “बहनजी, हिंदी में लिख देतीं तो अच्छा रहता. अब जमाना वही है.” मी म्हटले, “मशीनच्या वह्या मराठीत आहेत. मालकीण बदलली तेवढे पुरे.” त्यांनी साक्षीची सही मात्र मराठीत केली. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आहे. मजकूर वाचलेला नाही. देवराम गुरुजींनी वाचायचा प्रयत्न केला, मी हात ठेवला.

ठिकाण : शनवारा, बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड
तारीख : सोमवार, ९ सप्टेंबर १९५७

सही : कमल शालिग्राम महाजन

साक्षीदार :
१. देवराम सीताराम पाटील, शिक्षक, राहणार इतवारा
२. भाईदास गोविंद शहा, अर्जनवीस, राहणार राजघाट

सौ. सुनंदावहिनींस दिलेल्या प्रतीवर :

वहिनी, हा कागद तुमच्याशिवाय कोणी वाचलेला नाही. वाचून झाला की डब्यात घालून परत करा.

तुम्ही ‘हो’ म्हटले तर गुरुवारी १९ तारखेला मी खांडव्याला जाऊन तो जिल्हा निबंधकांकडे बंद पाकिटात ठेवीन, आणि शुक्रवारी मुंबईची गाडी धरीन. मी परत आले तर पाकीट तिथेच राहील आणि वही दोघी लिहू. परत आले नाही तर ते फुटेल, आणि त्या दिवसापासून तुम्हाला या घरात राहून ही मशीन सांभाळावी लागेल. ते सोपे जाणार नाही. काय काय होईल ते तुम्ही माझ्याइतकेच पाहिले आहे.

तुम्ही ‘नाही’ म्हटले तर मी हा कागद फाडून दुसरा लिहीन. त्यात चिठ्ठी, दुपारचा डबा, वहीतले अक्षर, यातले काहीही असणार नाही, आणि तुमचे नाव कुठेही येणार नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलणार नाही.

‘घरात विचारून सांगते’ हे उत्तर धरले जाणार नाही.

हो किंवा नाही, एवढेच स्वतःच्या अक्षरात लिहून, बुधवार, १८ सप्टेंबर १९५७ रोजी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत माझ्या हातात द्यावे, ही विनंती.